चार हातांचं पापडयंत्र

देवपूर, धुळे
रविवार, १२ फेब्रुवारी १९८९

चि. आधार यास,
अक्काचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आईच्या गुडघ्यांना रोज तेल लावतोस हे वाचून बरं वाटलं. पण तेल लावून झाल्याबरोबर तिला पाणी भरायला उठू देऊ नकोस. ती ऐकत नाही हे मला सांगू नकोस, मी तिचीच मुलगी आहे. पार्वताचा खोकला थांबला का, ते तू लिहिलंच नाहीस. (बायकोची प्रकृती पत्रात लिहायची असते, आधार. पोस्टमन वाचत नाही.) माझी तब्येत उत्तम आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून एकदाही आजारी पडले नाही, कारण तेवढी सवड मिळालेली नाही.

आता मुद्द्यावर येते. तू विचारलंस की तुझ्या मगनच्या यंत्रात काही दम आहे का. असेल तर तो इथे राहील, नसेल तर महिनाअखेर त्याला तुमच्या दीपनगरच्या वीजकेंद्रावर पाठवून द्यायचं, कारण तिथल्या एका कंत्राटदाराकडे तू शब्द टाकून सुपरवायझरची जागा धरून ठेवली आहेस. आणि वर लिहिलंस, "अक्का, एका शब्दात कळव." अरे, मी जन्मभर पोरींना फिजिक्स शिकवलं. रीत न दाखवता नुसतं उत्तर लिहिणारीला मी शून्य द्यायचे, उत्तर बरोबर असलं तरी. तेव्हा आधी रीत. चहा मागव आणि बस.

सुरुवात दिवाळीनंतर झाली. आमच्या मंडळाच्या बायका माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उडदाचे पापड लाटतात, हे तू पाहिलंच आहेस. (मागच्या खेपेला कच्च्या लाट्या खाऊन पोट बिघडवून घेतलंस, तेही त्या विसरलेल्या नाहीत.) मगन डिप्लोमा संपवून चार दिवस आत्याकडे म्हणून आला आणि शेडच्या दारात उभा राहून नुसता बघत बसला. मंडळात सगळ्यांत जुनी द्रौपदाबाई. जन्मभर पोळपाटावर वाकून तिचा उजवा खांदा आता वर जात नाही, स्वतःची वेणी घालायलाही तिला सून लागते. पोराच्या ते डोळ्यांत भरलं. जेवताना म्हणाला, आत्या, हे लाटण्याचं काम हवेने होईल. मी म्हटलं, हवेने पापड वाळतात, लाटले जात नाहीत. तो आपल्या नादाला लागला. पुढच्या आठवड्यात आग्रा रोडवरच्या एका टायरवाल्याकडचा हवा भरायचा जुना कॉम्प्रेसर, टाकीसकट, हातगाडीवर घालून घेऊन आला.

तुला ही विद्या माहीत आहे, तुझा सगळा जन्म हवेवर चालणाऱ्या वॉल्व्हांमध्ये गेला. तरी मला जशी कळली तशी सांगते, चुकलं तर दुरुस्त कर. सिलिंडर म्हणजे गॅसचा नव्हे. (आमच्या शेजारची वच्छलाबाई अजून त्याला शेगडी कधी जोडणार म्हणून विचारते.) सायकलचा पंप डोळ्यांसमोर आण. त्यात आपण दांडा ढकलतो आणि हवा बाहेर पडते. इथे उलट आहे. हवा आत सोडायची आणि दांडा बाहेर येतो. दुसऱ्या बाजूने सोडली की तो परत आत जातो. मगनने सिलिंडर वर उलटा टांगला, दांड्याला एक लोखंडी थाळी लावली, तिच्याखाली दुसरी थाळी पक्की बसवली. मध्ये तेलाचा हात फिरवलेले प्लॅस्टिकचे दोन कागद आणि त्यांच्यात उडदाची लाटी. थाळी खाली आली, फुस्स झालं, थाळी वर गेली. कागद उचलला तर पापड, कंपासने काढल्यासारखा गोल. मी पट्टी आणून तो चारही बाजूंनी मोजला. मगन म्हणतो, आत्या मोजायला बसली तेव्हा तो जास्त घाबरला.

मग मी फळ्यावर हिशेब मांडला. पिस्टनचा व्यास दहा सेंटिमीटर, हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला पाच किलो. गुणाकार तू कर. चार क्विंटलच्या अगदी जवळ येतो. म्हणजे त्या एवढ्याशा लाटीवर गव्हाची चार पोती बसतात आणि उठतात, आणि तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. बायकांना हे सांगितलं तर त्या हसल्या. विजेला सगळ्या घाबरतात. ओल्या हाताने बटणाला शिवायचं नाही हे लहान पोरीलाही कळतं. पण हवेला कोण घाबरणार? द्रौपदाबाई म्हणाली, "हवाच तं शे, बाई." तिच्या त्या वाक्याने माझं जे लक्ष लागलं ते अजून सुटलेलं नाही. जे दिसत नाही, ज्याचा वास नाही, ज्याचा चटका बसत नाही, त्याच्यापाशी माणूस हात कसा ठेवतो, हे मी तेव्हापासून बघते आहे. मगन यंत्र बघतो, मी हात बघते.

पहिली रचना पायाची होती. मगनने शिंप्याचं मशीन मनात धरलं असावं. खाली पायपट्टी, ती दाबली की थाळी खाली. अभिमानाने म्हणाला, आत्या, हात मोकळे राहतात. मी विचारलं, मोकळे हात कुठे जातात? आपल्या बायका खुर्चीवर बसत नाहीत, म्हणून त्याने सगळं यंत्र बुटकं केलं होतं, मांडी घालून बसता येईल असं. (एवढं त्याला सुचलं हे तुझ्या मुलाच्या बाजूने लिहून ठेव.) पण त्यामुळे पायपट्टी पायाखाली न राहता मांडीशेजारी आली. आता विचार कर, शेणाने सारवलेल्या खडबडीत जमिनीवर एवढी सपाट, घट्ट, सोयीची जागा दुसरी कुठली असणार? कुंदाबाईने (ही आमची रावेरकडची, कामाला वाघीण) लाट्यांची पितळी परात उचलली आणि नीट त्या पट्टीवर टेकवली. थाळी खाली आली. थाळ्यांमध्ये कुणाचा हात नव्हता. होतं ते माझ्या चष्म्याचं घर, मी नुकतंच खालच्या थाळीवर ठेवलेलं. चष्मा नाकावर होता म्हणून हे पत्र तुला येतं आहे. घराचा पापड झाला. वच्छलाबाई काही मंडळात नाही, पण बसायला रोज येते. तिने ते उचललं आणि उन्हात पापडांच्या रांगेत ठेवून दिलं.

मी मगनला एवढंच म्हटलं की घराच्या जागी हात होता असं समज. त्याने पायपट्टी त्याच दुपारी काढली.

दुसरी रचना मला फार आवडली, आणि म्हणूनच मी फसले. यंत्राच्या दोन बाजूंना दोन बटणं, चांगली हातभर दूर. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच थाळी खाली येणार, एक जरी सुटलं तरी वर जाणार. म्हणजे थाळी चालते तेव्हा बाईचे दोन्ही हात बटणांवर, आत जायला हात शिल्लकच नाही. मला तो मांडणीचा गोडवा इतका पटला की मी स्वतः खाली बसून तासभर ते खेळत राहिले. एका हाताने दोन्ही बटणं दाबायचा प्रयत्न केला, कोपराने केला, लाटण्याने केला. जमलं नाही. पास, म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी निश्चिंत मनाने बाजारात गेले.

परत आले तर शेडमधून हसण्याचा आवाज. दारात उभी राहून पाहिलं. डावं बटण द्रौपदाबाईच्या हाताखाली, उजवं कुंदाबाईच्या. दोघींचा एकेक हात मोकळा. कुंदाबाई मोकळ्या हाताने लाटी ठेवते आहे, द्रौपदाबाई मोकळ्या हाताने पापड काढते आहे. मध्ये चार क्विंटल वरखाली होतं आहे. आणि दोघींच्या गप्पा चालू, कुंदाबाईच्या जावेबद्दल.

आधार, चूक कुणाची ते सांग. मगनच्या डोक्यात एक बाई होती आणि तिला दोन हात होते. कॉलेजातल्या पुस्तकात माणूस असाच असतो, एकटा. माझ्याही डोक्यात तोच होता, मी एकटीच बसून तपासलं. पण आपल्याकडे पापड एकटीने कधी कुणी केलेत? आज तुझ्या अंगणात, उद्या माझ्या. एक पीठ कुटणार, एक लाट्या तोडणार, एक लाटणार, एक वाळत घालणार. एकीचा हात अडला की दुसरीचा आपोआप पुढे होतो, कुणी सांगावं लागत नाही. दोन बटणं दिसली, बायका दोन होत्या, त्यांनी ती वाटून घेतली. नंतर मी विचारलं तेव्हा द्रौपदाबाई माझ्याकडे अशी बघत होती जणू मीच काहीतरी अडाण्यासारखं विचारलं. म्हणाली, "येकली बाई कधी पापड करस का?"

पण हे नंतरचं. त्या क्षणी मी ओरडले नाही. प्रयोगशाळेत ओरडायचं नसतं, पोरगी दचकते आणि हातातलं सांडते. भिंतीवरचा मेन स्विच माझ्या हाताशी होता. तो खाली ओढला. वीज बंद म्हणजे यंत्र बंद, असं मला वाटलं. आणि थाळी धाडकन खाली आली.

कारण ऐक. मगनने विचार केला होता की काम संपल्यावर थाळी मिटलेली असावी, म्हणजे वर धूळ बसणार नाही, पाल शिरणार नाही. म्हणून वीज नसताना वॉल्व्हची स्प्रिंग हवा वरच्या बाजूला सोडायची आणि थाळी खाली जाऊन बसायची. स्वच्छतेच्या दृष्टीने उत्तम विचार. वीज मी बंद केली, पण टाकीतली हवा थोडीच बंद झाली? ती आपली भरलेलीच. तेव्हा हात वाचवायला म्हणून मी जे केलं, त्यानेच थाळी हातावर येणार होती. आली नाही, कारण द्रौपदाबाईला पिठाने शिंक आली आणि हात नाकाकडे गेला. हात सुटला. पदर अडकला.

स्विच परत वर केला तर लाइटच नाही. (तुम्ही तिकडे दिवसरात्र वीज बनवता, ती आमच्या दारापर्यंत येता येता कुठे जाते, हा प्रश्न मी तुला विचारणार होते. नंतर कळलं, आमच्याच गल्लीतल्या खांबावरचा फ्यूज गेला होता. तेव्हा माफ केलं.) द्रौपदाबाई यंत्राला बांधलेली, पदर चार क्विंटलखाली, आणि लाइट कधी येईल ते कुणाला ठाऊक नाही. कुंदाबाई कात्री घेऊन आली तर द्रौपदाबाईने तिचा हात धरला. लुगडं नवं होतं, मुलीने नर्सच्या पहिल्या पगारातून घेतलेलं. ते कापायचं नाही. रडली नाही, ओरडली नाही, डोक्यावरून पदर ओढल्यासारखी मान तिरकी करून बसून राहिली आणि थोड्या वेळाने शांतपणे म्हणाली, "बाई, माले घर जानं शे."

मगन पान्हा घेऊन धावला. सिलिंडरमधली हवा सोडली की थाळी हाताने उचलता येईल, हे त्याचं बरोबर होतं. पण टाकीकडचा कॉक आधी बंद करायचा, हे घाईत राहिलं. नळी सैल केली मात्र, ती त्याच्या हातातून सुटली आणि सापासारखी उसळत शेडभर फिरली. तिने कुणालाही मारलं नाही. तिने पिठाच्या पिंपात तोंड घातलं.

मी वर्णन करत बसत नाही. एवढंच सांगते की जेव्हा मला पुन्हा दिसायला लागलं तेव्हा शेडमधल्या सगळ्या बायका एकाच वयाच्या झाल्या होत्या. वच्छलाबाई नेमकी त्या वेळी बसायला आली, दारातून आत पाहिलं आणि आल्या पावली परत गेली. मगनने चाचपडत टाकीचा कॉक फिरवला, फुसफुस थांबली, कुंदाबाईने आणि मी थाळी उचलली, पदर निघाला. द्रौपदाबाईने आधी पदराचं कापड उजेडात धरून पाहिलं, मग आपल्या घरी गेली.

त्यानंतर दोन आठवडे शेडमध्ये पुन्हा पोळपाट-लाटणी आली आणि यंत्र मगनच्या आणि माझ्या ताब्यात राहिलं. हे दिवस मला फार बरे गेले, हे मी तुला सांगायला नको, पण सांगते. कुंदाबाईच्या भावाने रावेरहून केळीचे दोन घड पाठवले होते. हाताच्या जागी केळं ठेवायचं, असा आम्ही नियम केला, आणि जे जे चुकून घडू शकतं ते मुद्दाम करून पाहिलं. केळं शाबूत राहिलं तर पुढे, नाही तर नवं केळं. शेजारच्या शेळीने त्या दिवसांत इतकं बाळसं धरलं की तिची मालकीण मला येऊन पथ्य विचारू लागली.

सगळ्यांत मोठी गोष्ट मगनने केली ती अशी की त्याने सगळं यंत्र उलटं केलं. एके दिवशी आग्रा रोडला गेला होता. तिथे लॉरी जॅकवर चढवलेली पाहून आला आणि न जेवता कामाला लागला. आता सिलिंडर खाली आहे. वरची थाळी हलतच नाही, खालची वर येऊन तिला टेकते. वीज गेली तर वॉल्व्हची स्प्रिंग थाळी खाली नेते. हवाच संपली तर थाळी स्वतःच्या वजनाने खाली पडते. दोन्ही वेळा जबडा उघडतो. धुळीसाठी वर एक फडकं टाकलं म्हणजे झालं, पालीची काळजी पालीने करावी. मला विचारशील तर हे फार साधं आहे आणि म्हणूनच ते मला आधी सुचलं नाही याचा मला राग आला. पडणारी वस्तू पडणारच. ती कुठल्या बाजूला पडेल एवढं आपल्या हातात असतं.

मग बटणांचा प्रश्न. मी म्हटलं, बायकांना ताकीद देऊ, फळ्यावर लिहू, एकेकटीने बसायचं. मगन नको म्हणाला. त्याने दोन्ही बाजूंना दोन-दोन, अशी चार बटणं लावली. दोघी बसणार आहेत ना, मग चारही हात बटणांवर हवेत. चारांतलं एक सुटलं की थाळी उघडणार. कुंदाबाई आणि द्रौपदाबाईला विजेविना बसवून दाखवलं तर दोघींना फार हसू आलं. फुगडीच्या आधी उभ्या राहतात तशा समोरासमोर बसल्या. आम्ही समाधानाने एकमेकांकडे बघतो आहोत तोच वच्छलाबाई आली, दोघींच्या मध्ये बसली आणि बोलता बोलता लाटी सरळ करायला तिने हात आत घातला.

पाचवा हात. त्याचा विचार आम्ही केलाच नव्हता. मी हसले नाही, मगनही नाही. तो उठला आणि जाळी आणायला गेला. बटण ज्या हाताला माहीत आहे त्यालाच अडवतं. जाळी कुणाचा हात ते विचारत नाही. आता थाळ्यांभोवती चारही बाजूंनी जाळी आहे आणि लाटी ठेवायला पुढे एक खण, टेबलाला असतो तसा. लाटी खणात ठेवायची, खण ढकलायचा. तो पुरता बंद झाल्याशिवाय बटणं मुकी. पापड त्याच खणातून बाहेर. हात आत जायची गरजच उरली नाही.

पण थाळ्यांना पीठ चिकटतं आणि ते खरवडायला जाळी उघडावी लागते. तिथे मगनने किल्लीची युक्ती केली. यंत्राला एकच किल्ली. ती हवेच्या कॉकमध्ये असली तरच हवा आत जाते. काढायची तर कॉक बंद करावा लागतो आणि आतली हवा सुटून जाते. जाळीचं कुलूप उघडायला तीच किल्ली लागते. आणि मी त्यावर नियम घातला की जी खरवडायला बसेल, किल्ली तिच्याच कमरेला, दुसरीच्या हातात द्यायची नाही, मंडळाच्या अध्यक्षीणबाई मागायला आल्या तरी. (अध्यक्षीणबाई मीच आहे. मला नाही म्हणून दाखवा, असं सांगितलं तेव्हा कुंदाबाईला फार आनंद झाला. तिने आत्तापर्यंत मला विनाकारण दोनदा नाही म्हणून दाखवलं आहे.)

लाइट येते तेव्हाचं मला आधी सुचलं, हे माझ्या बाजूने लिहून ठेव. लाइट आली की आपल्याकडे काय होतं? सगळे एकदम "आली" म्हणतात, उठतात, हातातलं टाकतात, कुणीतरी जे हाताशी येईल ते बटण दाबतं. नेमक्या त्या वेळी यंत्र आपण होऊन चालू होता कामा नये. आता लाइट आली तरी ते गप्प बसतं. कुणीतरी उठून, भिंतीकडे जाऊन, वेगळं हिरवं बटण दाबल्याशिवाय जागं होत नाही.

आता माझे दोन प्रश्न, यांची उत्तरं नीट लिही. एक, सिलिंडरमधून सुटणारी हवा गार का लागते? टाकीला हात लावला तर ती कोमट, आणि सुटलेली हवा मात्र माठातल्या पाण्यासारखी. पसरताना ती स्वतःची उष्णता खर्च करते, असं मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले, पण गालाला लागली पहिल्यांदाच. (आमचे प्रयोग चालू असताना बायका पदराने वारा घेईनात, त्या नळीशी तोंड नेऊन बसायच्या. त्या नळीच्या तोंडाला मी आता डबा लावला आहे, कारण त्या हवेत तेलाचा अंश असतो.) दुसरा प्रश्न महत्त्वाचा. हवा पूर्ण सोडून परत भरली की पहिलं केळं नेहमी जाळीतून भिंतीवर उडतं. दुसरं, तिसरं शहाण्यासारखं दबतं. दाब तोच, केळं तसंच. मी म्हणते, एरवी पिस्टनच्या पलीकडच्या बाजूला उरलेली हवा हळूहळू निघते आणि गादीसारखी आड येते. सगळी हवा सोडल्यावर ती गादीच नसते, म्हणून पहिला तडाखा मोकळा बसतो. मगनला हे पटलं आहे, पण तो माझा भाचा आहे, त्याचं पटणं मी धरत नाही. बरोबर असेल तर हवा एकदम न सोडता आधी हळू भरणारा आणि वीज जाताच सगळी सोडून देणारा असा वॉल्व्ह मिळतो का, कुठल्या दुकानात, हे तुमच्या विभागात विचारून कळव.

तोपर्यंत मी यंत्राला कुलूप घातलं आहे. द्रौपदाबाईचा खांदा दुखतो हे खरं, पण खांद्याच्या बदल्यात बोटं मी देणार नाही. ज्या यंत्राचं पहिलं केळं भिंतीवर उडतं ते आजच्या तारखेला नापास. तुला उत्तर हवं होतं, हे उत्तर. तू पुढच्या रविवारी ये, स्वतः बघ आणि काय ते ठरव.

आईला माझा नमस्कार, पार्वताला आशीर्वाद. खोकल्याचं लिही.

तुझी अक्का,
लीला

ता. क. — रविवारच्या आधी मीच तिकडे यावं असं मनात आहे. तुमच्याकडचे हवेचे मोठमोठे वॉल्व्ह म्हणे भिंतीएवढे असतात. मला आत येण्याचा पास मिळेल का ते बघ. वाटेत येणार नाही, कशाला हात लावणार नाही, फक्त विचारीन. पासावर "निवृत्त शिक्षिका" लिहिलंस तरी चालेल, "नात्याने बहीण" एवढंच लिहू नकोस.

आणखी ता. क. — त्या कंत्राटदाराला सांग, जागा भरून टाक. ज्या दिवशी पदर अडकला त्या संध्याकाळी मी मगनची पेटी भरून दाराशी ठेवली होती. हे त्याला माहीत नाही. मी वाट बघत होते की पोरगा म्हणेल, बायकांनी नीट वापरलं नाही. कुणीही म्हणालं असतं, मीही म्हणणार होते. तो द्रौपदाबाईच्या घरी गेला, तिची माफी मागितली आणि तिला विचारलं की मावशी, तुम्ही पापडाला कशा बसता ते मला एकदा दाखवा. ती दाखवत राहिली आणि तो तिच्या हातांकडे बघत राहिला. पेटी मी परत आत नेली. त्यातले शर्ट चुरगळले आहेत, ते कशाने हे त्याला अजून कळलेलं नाही, तूही सांगू नकोस.

शेवटचं — यंत्राला कुलूप आहे असं वर लिहिलं, ते बायकांपुरतं. रोज सकाळी त्या यायच्या आधी मी कुलूप काढून बसते. दुसऱ्याचे हात तिथे ठेवायचे तर आधी माझे काही दिवस राहिले पाहिजेत. माझे पापड एका बाजूला जाड होतात, द्रौपदाबाई ते बोटाने चाचपून बाजूला काढते आणि वर मला सांगते की सराव करा, बाई. करते आहे. समोरच्या दोन बटणांवर मगन बसतो. त्याला तू नेलंस तर माझ्याकडे हात दोनच उरतात आणि यंत्र जागचं हलत नाही. तेव्हा येशील तेव्हा वॉल्व्ह घेऊन ये, मुलाला न्यायला येऊ नकोस.